कॅमरी हायब्रिडचे ब्रेक होज: तपासणी व बदलीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गाडी टोयोटा कॅमरी हायब्रिड, २०१४ सालची. गेली चार वर्षे ती रत्नागिरीत माझ्याकडे आहे आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या शेडखाली उभी असते. दिवाळीत कोल्हापूरहून परतताना दोन गोष्टी जाणवल्या. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाजवळून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीचे सरासरी मायलेज नेहमीपेक्षा लिटरमागे जवळपास दीड किलोमीटरने घसरले होते. पेडलमध्ये मात्र काहीही फरक नव्हता. पाय ठेवल्यावर ते नेहमीसारखेच घट्ट लागत होते आणि गाडी सरळ रेषेत थांबत होती.

पेडल चांगले लागते म्हणून ब्रेक चांगले आहेत, असे साध्या गाडीत बऱ्याच अंशी म्हणता येते. या गाडीत ते म्हणता येत नाही, आणि पुढच्या सगळ्या नोंदींचा खटाटोप त्यापायीच आहे. साध्या गाडीत पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून (पेडलच्या जोराचा द्रवदाब करणाऱ्या पंपातून) थेट चाकापर्यंत जातो, त्यामुळे होज (चाकाकडे द्रव नेणारी लवचीक रबरी नळी) फुगला किंवा लाइनमध्ये, म्हणजे द्रवाच्या नळ्यांत, हवा शिरली की ते तळपायाला कळते. येथे मात्र गाडी सुरू असताना पेडल आणि चाके यांच्यामध्ये झडपा बंद असतात. पायाला जो विरोध जाणवतो तो एका लहानशा सिम्युलेटरमधील स्प्रिंगचा असतो, आणि चाकाकडे जाणारा दाब शंभर बारहून अधिक दाबाने भरून ठेवलेल्या ॲक्युम्युलेटरमधून, संगणकाच्या हिशेबाने, सोडला जातो. शिवाय हलका ब्रेक लावला की बरेचसे काम मोटर जनरेटर होऊन करते आणि पॅडना (डिस्कवर दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांना) थोडेच काम उरते. म्हणजे होज आतून निकामी होत असला तरी चालकाला तसे सांगणारे कोणी नसते. डोळ्यांनी पाहणे आणि हातांनी चाचपणे एवढेच आपल्या हाती उरते.

१७ नोव्हेंबर २०२४

सकाळी बारा किलोमीटरचा सपाट फेरा मारून आलो आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचे तापमान घेतले. पुढची उजवी ४४ अंश, मागच्या दोन्ही चाळिशीच्या आतबाहेर आणि पुढची डावी ९७ अंश. हायब्रिडमध्ये एक सोय अशी, की एरवी डिस्क फारशा तापतच नाहीत, त्यामुळे असा फरक लपत नाही. पावसाळ्यात याच कारणाने डिस्कवर गंजाचा लालसर थर येतो आणि लोक घाबरतात. तो थर आठवडाभर गाडी चालवली की पॅडखाली घासला जातो.

चाके काढून चारही होज पाहिले. पाहण्याची माझी पद्धत अशी: आधी होज ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, मग बॅटरीच्या उजेडात तो हाताने दोन्ही बाजूंना वाकवून वळणाच्या बाहेरच्या कडेला भेगा शोधायच्या, कारण सरळ होजवर भेगा मिटलेल्या असतात आणि दिसत नाहीत. त्यानंतर बोटांच्या चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपत जायचे. निरोगी होज सगळीकडे सारखा कडक लागतो. एखादी जागा मऊ लागली किंवा तेथे फुगा आलेला असेल तर आतले विणकाम तुटले आहे असे समजावे. मागच्या दोन्ही होजवर, स्ट्रटच्या (चाकामागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) ब्रॅकेटपाशी, नखाच्या टोकाला लागतील अशा बारीक भेगा होत्या. पुढच्या उजव्यावर काही नव्हते. पुढचा डावा बाहेरून जवळजवळ नवा वाटत होता, आणि दोष त्याच चाकात होता.

मात्र त्या होजच्या मधोमध जी लोखंडी पट्टी आवळून बसवलेली असते आणि जिच्या आधाराने होज स्ट्रटला अडकवतात, ती गंजून पापुद्रे सुटली होती. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेते. बाहेरच्या बाजूला पसरायला वाव नसेल तर ते आत पसरते, आणि आत होता तो होज.

२० नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आलो आणि दुपार या कामाला दिली. दोष होजचा आहे की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकला आहे, हे ठरवल्याशिवाय पैसे खर्च करायचे नव्हते. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडूनही चाक असेच जड होते.

पुढचे डावे चाक जॅकवर उचलून गाडी घोडीवर ठेवली. गाडी ‘रेडी’ (म्हणजे चालू) करून मुलीला चालकाच्या जागी बसवले. तिने चार वेळा ब्रेक दाबून सोडला, मग गाडी बंद करून पाच मिनिटे थांबलो. चाक हाताने फिरवून पाहिले तर जागचे हलेना. आता वरच्या बाजूला, जेथे होज लोखंडी नळीला जोडलेला असतो, तो नट पाव फेरा सैल केला. नळीच्या बाजूला दाब अडला असता तर तेथून ब्रेक ऑइल जोरात आले असते आणि चाक सुटले असते. तेथे नुसता ओलावा आला. चाक घट्टच राहिले. नट परत आवळला आणि कॅलिपरचे ब्लीडर निपल (हवा काढण्याचे तोंड) उघडले. बारीक चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळे झाले.

याचा अर्थ सरळ आहे. दाब कॅलिपरमध्ये कोंडला होता, वरची नळी रिकामी होती, आणि या दोहोंच्या मध्ये होजखेरीज दुसरे काही नाही. जाताना शंभर बारने ढकललेले द्रव अरुंद झालेल्या भोकातून घुसते, परतताना मात्र त्याला मागे रेटणारी शक्ती फक्त पिस्टनच्या रबरी सीलची असते आणि ती पुरत नाही. होज एकमार्गी झडप बनून बसतो. पिनाही काढून पाहिल्या. त्या व्यवस्थित सरकत होत्या. आज सैल केलेला नट पाहता नवे होज येईपर्यंत गाडी हलवायची नाही असे ठरवले.

२४ नोव्हेंबर २०२४

चारही होज मागवले. एक खराब निघाला म्हणून एकच बदलावा, असा सल्ला दोघांनी दिला होता. पण चौघांचे वय एक, हवा एक, आणि लाइन उघडली की हवा काढण्याचे काम तेवढेच करावे लागते. होजसोबत आठ तांब्याचे वॉशर, यू आकाराच्या नव्या क्लिपा आणि डॉट ३ दर्जाच्या ब्रेक द्रवाच्या सीलबंद बाटल्याही सांगितल्या.

‘ब्रेक ऑइल’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की मीही तोच वापरतो, पण तो घातक आहे. हे ऑइल नव्हे. ग्लायकॉल जातीचे, हवेतले पाणी शोषून घेणारे द्रव आहे. होजचे आतले रबर ईपीडीएम या कृत्रिम जातीचे असते, ते या द्रवात वर्षानुवर्षे टिकते आणि इंजिन ऑइल लागले की फुगून लिबलिबीत होते. कोणी भल्या माणसाने ‘ऑइलच ना’ म्हणून ब्रेकच्या टाकीत भलतेच ओतले, तर होजच नव्हे, सगळे रबरी सील निकामी होतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १४० अंश असावा लागतो. कोकणातल्या हवेत उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणे म्हणजे काय, हे या दोन आकड्यांवरून समजावे.

३० नोव्हेंबर २०२४

होज आले. अमेरिकेतील एफएमव्हीएसएस १०६ या मानकानुसार होजवर जे छापलेले असावे लागते, ते सगळे आहे: डॉट हा शिक्का, उत्पादकाची खूण, तारीख, आतला व्यास, आणि एचआर किंवा एचएल ही अक्षरे. एचएल म्हणजे दाबाखाली कमी फुगणारा, एचआर म्हणजे साधारण. त्याच मानकानुसार १/८ इंची होज ७,००० पीएसआय दाबाच्या आत फुटता कामा नये. पण मला त्याहून उपयोगी वाटते ती अंगावरून लांबवर गेलेली रेघ. ती सजावट नाही. होज बसवल्यावर रेघ सरळ दिसली तर होजला पीळ बसलेला नाही, हे एका नजरेत कळते.

संध्याकाळी चारही नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. जुने होज टाकूनच द्यायचे असल्यामुळे त्यांवर ते उडाले तरी हरकत नव्हती. डिस्कवर मात्र वर्तमानपत्र गुंडाळले.

१ डिसेंबर २०२४

आधी वीज. या गाडीत चालकाचे दार उघडले की बॉनेटखाली ‘घर्रर्र’ असा आवाज येतो. तो ब्रेकचा पंप असतो, आणि तो गाडी बंद असतानाही चालतो. होज सुटा असताना कोणी सहज म्हणून दार उघडले, तर पंप द्रव फेकेल आणि हवा ओढेल. म्हणून किल्ली घरातल्या कपाटात ठेवली आणि १२ व्होल्ट बॅटरीचा ऋण टोकाचा क्लॅम्प सोडवला. ही बॅटरी डिकीत आहे आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडते, तेव्हा बॅटरी सोडवून झाकण आपटले की उगाच पेच होतो. मी कुलपाच्या तोंडाशी जुना टॉवेल बांधून ठेवला. उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी केबल्सचा या कामाशी संबंध येत नाही. त्यांना हात लावण्याचे कारण नव्हते.

गाडी बंद अवस्थेत पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून ॲक्युम्युलेटरचा दाब उतरवला. तसे करताना पेडल हळूहळू दगडासारखे होते आणि टाकीतली पातळी वर चढते. ती कमाल खुणेच्या वर गेल्याने घाबरून उपसू नये, ते द्रव पुन्हा आतच जाणार असते.

पुढची दोन्ही चाके दीड तासात झाली. नटासाठी १० चा फ्लेअर नट पाना वापरला. साधा उघडा पाना नटाला दोनच कडांवर पकडतो आणि जुना नट हमखास गोल होतो. हा पाना जवळजवळ पूर्ण वेढा घालतो आणि नळी आत जाण्यापुरतीच फट ठेवतो. होजचे षट्कोनी टोक दुसऱ्या पान्याने धरून नट सोडवला, नळीच्या उघड्या तोंडावर लगेच रबरी टोपी चढवली, क्लिप पक्कडीने ओढून काढली, आणि मग कॅलिपरचा बँजो बोल्ट (होजचे टोक कॅलिपरला धरणारा पोकळ बोल्ट). नवा होज बसवताना क्रम उलटा: आधी कॅलिपरची बाजू, कारण तेथे टोकाला एक खुंटी असते आणि ती आपल्या खाचेत बसली तरच होजची दिशा बरोबर येते, मग स्ट्रटचे ब्रॅकेट, शेवटी वरचा नट. तो नट पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवला.

मागे उजवीकडे अडचण आली. नट फिरला, पण नळीला घेऊन फिरला. गंजाने दोन्ही एकजीव झाले होते आणि आणखी जोर केला असता तर लोखंडी नळी पिळवटून तुटली असती. ती नळी गाडीच्या पोटाखालून पुढपर्यंत जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी ज्यांचे गॅरेज होते त्या काकांना फोन केला. ते आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “नट कशाला फिरवतोस? होज फेकायचाच आहे ना, मग होज फिरव.” त्यांनी करवतीने होज टोकापासून बोटभर अंतरावर कापला, क्लिप काढून टोक ब्रॅकेटमधून बाहेर घेतले, नट लॉकिंग पक्कडीत स्थिर धरला आणि होजचे लोखंडी टोक पान्याने नटावरून फिरवून काढले. नळीला पीळ बसला नाही. इतकी वर्षे पाने हाताळूनही हे मला सुचले नव्हते. नव्या होजच्या वेळीही तसेच, टोक नटावर फिरवून आवळले आणि मग ब्रॅकेटमध्ये बसवले.

आवळण्याचे आकडे माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे घेतले: फ्लेअर नट १५ न्यूटन मीटर, बँजो बोल्ट त्याच्या दुप्पट किंवा किंचित अधिक, चाकांचे नट १०३.

अंधार पडेपर्यंत चारही होज जागेवर होते. बॉनेटखालच्या कडेला द्रवाचे दोन थेंब पडले होते, ते ताबडतोब पाण्याने धुतले. नुसते पुसल्यास रंग सुटतो.

२ डिसेंबर २०२४

पुढचा डावा जुना होज लांबीत चिरून पाहिला. दोन्ही टोकांकडून आतले भोक स्वच्छ गोल आहे. गंजलेल्या पट्टीखाली मात्र ते चपटे होऊन नखाच्या कडेएवढी फट उरली आहे. त्यातून शिलाईची सुई गेली, जाड दाभण गेले नाही. त्याच्या थोडे खाली आतल्या रबराचा एक लहान पापुद्राही सुटला होता. ती जागा वरच्या पट्टीपासून वेगळी आहे आणि तेथे होज एकदा कधीतरी अगदी दुमडला गेल्याची वळी बाहेरूनही दिसते. माझ्याकडे येण्यापूर्वी कुठल्यातरी गॅरेजमध्ये पॅड बदलताना कॅलिपर होजच्या आधारे लोंबकळत सोडला असावा, असा माझा तर्क आहे. हे सगळीकडे चालते. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगायला अर्धे मिनिट लागते.

७ डिसेंबर २०२४

हवा काढण्याचे काम. येथे घरगुती कसब संपते. पेडल दाबून, निपल उघडून, बंद करून हवा काढण्याची जुनी रीत पुढच्या चाकांना काही अंशी चालते, पण बाकी यंत्रणेतील झडपा संगणकाने उघडाव्या लागतात. चिपळूणचे एक स्नेही टेकस्ट्रीम (टोयोटाचा तपासणीचा प्रोग्रॅम) असलेला लॅपटॉप घेऊन आले. बॅटरी जोडली, टाकी भरली आणि प्रोग्रॅम सांगेल त्या क्रमाने निघालो.

पुढची चाके मुलीच्या पायावर झाली. “बाबा, दाबलंय, सोडू?” आणि “थांब, अजून नको” हे संभाषण बहुधा शेजाऱ्यांनाही पाठ झाले असेल. मागच्या चाकांना पेडल नुसते दाबून धरायचे असते. द्रव पंपच ढकलतो, आणि ते ठिबकत नाही, धार लागते. पारदर्शक नळीत आधी दुधाळ फेस, मग सुटे बुडबुडे, मग गडद चहासारखे जुने द्रव आणि शेवटी नवे, जवळजवळ रंगहीन. टाकीकडे एका माणसाने सतत पाहत राहणे आवश्यक आहे, कारण ती पाहता पाहता रिकामी होते आणि एकदा पंपाने हवा ओढली की पहिल्यापासून सुरुवात. पंपालाही मध्ये मध्ये विसावा दिला. सगळे मिळून लिटरभराहून थोडे अधिक द्रव लागले. शेवटी संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसले. पुन्हा एकही आला नाही.

गाडी जमिनीवर उतरवल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून दोन्ही बाजूंना होज टायरला किंवा स्प्रिंगला लागत नाही ना हे पाहिले. चाके लोंबत असतानाची आणि गाडीचे वजन चाकांवर असतानाची होजची ठेवण वेगळी असते, तेव्हा दोन्ही अवस्थांत पाहावे. रेघा चारही ठिकाणी सरळ आहेत. अंगणातच, चालण्याच्या गतीने, दहा-बारा वेळा ब्रेक लावून पाहिला. ताशी दहा किलोमीटरच्या खाली मोटरचा ब्रेक मागे सरतो आणि काम पॅडवर येते, त्यामुळे होजची पहिली परीक्षा संथ गतीलाच होते.

८ डिसेंबर २०२४

रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर लावून पाहिला. सात सांधे कोरडे. पुढच्या डाव्या कॅलिपरचा बँजो किंचित ओला. पाना लावला तर बोल्ट ठरलेल्या जोराला आवळलेला होता. तरीही ओल येते म्हटल्यावर अधिक आवळण्याचा मोह टाळला आणि बोल्ट काढला. कॅलिपरच्या तोंडाशी जुना तांब्याचा वॉशर घट्ट चिकटून बसला होता, धातूच्याच रंगाचा झालेला, आणि त्यावर मी नवा वॉशर बसवला होता. दोनाच्या जागी तीन. चूक सर्वस्वी माझी; जुने वॉशर मोजून बाजूला काढले असते तर आठऐवजी सातच निघाले हे तेव्हाच दिसले असते. नखाने निघेना म्हणून पातळ पात्याने, कॅलिपरच्या पृष्ठभागाला ओरखडा न जाऊ देता, तो सोडवला. पुन्हा दोन नवे वॉशर, पुन्हा स्नेह्यांना फोन, पुन्हा त्या चाकाची हवा.

१५ डिसेंबर २०२४

आठवडाभर गावातच गाडी चालवली. आठही सांधे कोरडे, टाकीतली पातळी स्थिर. बारा किलोमीटरच्या त्याच फेऱ्यानंतर पुढची डावी डिस्क ४३ अंश, उजवी ४५.

२२ डिसेंबर २०२४

कोल्हापूरला जाऊन आलो. घाट उतरताना हायब्रिडची बॅटरी काही वेळाने भरते, मग मोटर आणखी वीज घेऊ शकत नाही आणि सगळा भार इंजिन-ब्रेकिंगवर व पॅडवर येतो. गिअर ‘बी’ मध्ये (इंजिन-ब्रेकिंगच्या जागी) टाकल्यावर इंजिनचा आवाज चढतो तो त्यामुळेच. म्हणजे होजचे खरे काम घाटात, आणि तेही उताराच्या उत्तरार्धात. साखरप्याच्या त्याच टपरीसमोर थांबून तापमान घेतले: डावी १३८, उजवी १४१. चहा होईपर्यंत दोन्ही सारख्याच निवत गेल्या. स्ट्रटवरच्या दोन्ही नव्या पट्ट्यांना गंजरोधक रंगाचा एक हात दिला आहे, रबरावर न लागू देता. दुसरा हात मे महिन्यात, पावसाआधी, चाके काढून होज वाकवून पाहीन तेव्हा देईन.